चिथावणी देणाऱ्याचे नाव

"नाव सांग शिवानंद. एक नाव. मी काही दहा मागत नाही," महापालिकेच्या झोन ऑफिसातले अनिलकुमार साहेब म्हणाले आणि त्यांनी छापील कागद टेबलावरून त्याच्यापुढे सरकवला.

शिवानंदने कागद वाचला. वर 'बेकायदा जमावाबाबत अहवाल' असं ठळक छापलेलं होतं. जमाव कुणाचा, या रकान्यात साहेबांनी आधीच लिहून टाकलं होतं, परप्रांतीय मजूर, अंदाजे दीडशे. खाली दोन रकाने कोरे होते. एक, आंदोलनाची कारणे. दुसरा, चिथावणी देणाऱ्याचे नाव व पत्ता.

"कारणं लिवू का साहेब? कारणं लई हायत," तो म्हणाला.

"कारणं मी लिहीन रे. पाणीटंचाई, गैरसमज, काहीतरी लिहीन. कारणं वर कोण वाचतंय? सकाळपासून सहा फोन आलेत. व्हिडिओ कुठल्या कुठं गेलाय. त्यांना नाव पाहिजे."

"नाव दिल्यावर काय हुतंय?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण रक्तदाबाची गोळी घेऊन नोकरी करणाऱ्या माणसाकडून चांगुलपणाची अपेक्षा तरी किती करायची. पोलीस त्या माणसाला बोलावतील, केस होईल, ज्याच्या प्लॉटवर वस्ती आहे तो त्याची शेड उपटायला लावेल, असं त्यांनी सांगून टाकलं. मग म्हणाले, "तू रोज तिथं जातोस, त्यांची भाषा बोलतोस. पाच वाजेपर्यंत कागद भरून आण. आणि हे बघ, तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, विसरू नको."

कंत्राट संपतंय हे शिवानंद एकोणीस वर्षं ऐकत होता. एकोणीस वर्षं तो कंत्राटावर चावीवाला होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं, आणि पाळी म्हणजे शिवानंद. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून तो विजापूर रोडच्या कॉलन्यांमधून फिरायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि तासाभरानं येऊन बंद करायचा. सगळ्या भागाला त्याचं नाव ठाऊक होतं. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे कुणाचं अडलंही नव्हतं.

तो कागद खिशात घालून बाहेर पडला. डोकं तापलं होतं. त्यातही 'परप्रांतीय' हा शब्द त्याला कुसळासारखा टोचत होता. वस्तीतली माणसं कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यातली. शिवानंद हद्दीच्या अलीकडच्या दुधनीचा. मध्ये एस.टी.चा तासाभराचा रस्ता. तीच ज्वारी, तीच कानडी, तीच गळ्यातली लिंगं. त्याची सख्खी थोरली बहीण त्याच तालुक्यात दिलेली. म्हणजे अक्कासुद्धा परप्रांतीय आणि भाऊबीजेला तो जातो तो परराज्यात जातो. वेशीवरच्या कुत्र्यालासुद्धा ही हद्द ठाऊक नसेल, पण कागदाला बरोबर ठाऊक होती.

आता झालं काय होतं, ते सांगायला हवं. नव्या अपार्टमेंटांच्या मागे मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडांची वस्ती होती. चाळीसेक बिऱ्हाडं. बाप्ये सेंट्रिंगला, बाया स्लॅबच्या पाट्या उचलायला. सोलापुरातल्या निम्म्या नव्या इमारती त्यांच्या डोक्यावरून वर गेल्या होत्या, पण पाण्याला त्या वस्तीत एकच नळ होता, तोही बिनतोटीचा. पाणी तीन दिवसाआड यायचं. तेही सकाळी दहाला, म्हणजे सगळी वस्ती कामावर असताना. त्यावर त्यांनी आपला आपण तोडगा काढला होता. पाण्याच्या दिवशी पाळीपाळीनं दोन बाया घरी राहायच्या, त्यांची हजेरी बुडायची, आणि त्या दोघी सगळ्या वस्तीची पिंपं भरायच्या. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. महापालिकेला त्याचा पत्ता नव्हता.

मागच्या महिन्यात पाणी चार दिवसाआड झालं. तसा संदेश प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. ग्रुप कार्यकर्त्यांनी मतदार यादी समोर ठेवून केलेला, आणि वस्तीची मतं हद्दीपलीकडं, गावाकडं. त्यामुळे ग्रुपवर त्यांच्यातलं एकही माणूस नाही. हे शिवानंदच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. त्यानं संदेश पाहिला, अंगठा दाखवला आणि झालं असं समजून चालला.

जुन्या हिशेबानं पाणी यायच्या दिवशी दोन बाया घरी राहिल्या. नळ कोरडा. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या आणि शिवानंदने वेळापत्रकाप्रमाणे व्हॉल्व्ह उघडला. तासभर पाणी त्या बिनतोटीच्या नळातून मोकळ्या वस्तीत वाहिलं. संध्याकाळी पाट्या टाकून माणसं परतली तर दारात चिखल आणि पिंपं रिकामी. पुढच्या पाळीलाही तेच. नऊ दिवस वस्ती टँकरवाल्याच्या मागं, मंदिराच्या नळामागं, अपार्टमेंटच्या वॉचमनच्या पाया पडत फिरली.

दहाव्या दिवशी त्यांनी शिवानंदला रस्त्यात गाठलं आणि दुसऱ्या सकाळी ती सगळी झोन ऑफिसच्या दारात बसली. एवढाच तो बेकायदा जमाव.

दुपारी शिवानंद वस्तीकडं निघाला तेव्हा काव्या नावाची मुलगी स्कूटीवरून त्याच्या मागे लागली. विद्यापीठात संशोधन करत होती. स्थलांतरित लोक आंदोलन का करतात, कोणते घटक त्याला कारणीभूत असतात, असा विषय होता, आणि सोलापुरात असा ताजा प्रसंग आयता घडल्यामुळे ती खूश होती. काल तिनं साहेबांना गाठलं होतं, आज शिवानंदला.

"काका, तुमच्या मते मुख्य कारण कोणतं? आर्थिक अडचण, भेदभाव, एखाद्या संघटनेचा प्रभाव, नेत्याचं आवाहन, की इतर?"

शिवानंदला हसावं की चावी आपटावी कळेना. कालपासून प्रत्येकाला कारण हवं होतं आणि प्रत्येकाकडं आपलं कारण आधीच तयार होतं. साहेबांना बाहेरचा हात दिसत होता. महापालिकेच्या निवडणुकीत उभं राहू पाहणारा एक पुढारी सांगत होता की आपणच हा मोर्चा काढला, खरं तर तो सव्वाअकराला येऊन नुसती घोषणा देऊन गेला होता. अपार्टमेंटवाले म्हणत होते, या लोकांना मस्ती आलीय. आणि ही पोरगी पाच चौकोन घेऊन उभी होती.

"मॅडम, त्यास्नीच इचारा की," तो म्हणाला आणि सायकल पुढं दामटली. स्कूटीही मागोमाग आली.

वस्तीत मल्लव्वा भेटली. पाट्या उचलणाऱ्या टोळीत ती सगळ्यांत जुनी, बारा वर्षं सोलापुरात. आज पाण्याच्या पाळीला ती घरी राहिली होती आणि पिंपं भरून दारात बसली होती. शिवानंदला ती अण्णा म्हणायची. तिनं दोघांना पाणी दिलं आणि काव्यासाठी पाटी उलटी घालून दिली.

काव्यानं कागद काढला. सुरुवातीला तिनं नियमाप्रमाणे सांगितलं, "मावशी, तुम्ही मोकळेपणानं बोला. तुमचं नाव कुठंही येणार नाही. सगळं गुप्त राहील."

"नाव येत न्हाय?" मल्लव्वानं विचारलं.

"अजिबात नाही. काळजीच करू नका. तुमच्यासाठी आम्ही फक्त एक नंबर टाकतो."

मल्लव्वाचा चेहरा पडला. मुकादमसुद्धा नंबरच टाकतो की, असं ती कानडीत पुटपुटली. काव्याला कानडी येत नव्हती. मग मल्लव्वानं मुलीचं मन मोडायला नको म्हणून विचारलं त्याची उत्तरं दिली, पण तोडून तोडून. अडचण आहे का? हाय. भेदभाव होतो का? म्हंजे काय? कुणी नेता आला होता का? आला हुता, गेला. मग तुम्ही का गेलात, असं काव्यानं शेवटी सरळच विचारलं, तेव्हा मात्र ती नीट बसली.

"पानी आलं न्हाय म्हणून न्हाय गेलो आमी, ताई. पानी न येण्याची आमाला सवय हाय. आमच्या दारात आलं, तासभर व्हाऊन गेलं, आनि कुनी सांगितलं न्हाय. त्यो चिखल बघून गेलो."

काव्या पेन्सिल घेऊन पाच चौकोनांकडं बघत राहिली. मग तिनं 'इतर'वर खूण केली.

"पन हापिसात जायचं कुणी सुचवलं?" शिवानंदने विचारलं. विचारताना त्याला वाटलं होतं की पुढाऱ्याचं नाव येईल. आलं असतं तर तेच रकान्यात घालून तो मोकळा झाला असता.

मल्लव्वा त्याच्याकडं बघतच राहिली. "तूच की अण्णा."

"म्या?"

"रस्त्यात आमी तुला धरलं. तू बोलला, माझ्या हातात काय हाय, साहेबाला सांगा की जाऊन. म्या इचारलं, हापिस कुटं हाय. तू सांगितला. कवा उघडतंय इचारलं. तू बोलला, साडेधाला. मग साडेधाला गेलो."

शिवानंदला ते आठवलं. साहेबाला सांगा की जाऊन. हे वाक्य त्यानं एकोणीस वर्षांत किती हजार वेळा टाकलं असेल. कॉलनीतल्या बायांना, रिटायर्ड मास्तरांना, वकिलांना. त्याचा अर्थ होता, माझं डोकं खाऊ नका, जावा घरी. सोलापूरच्या माणसाला तो अर्थ बरोबर कळायचा. दोन शिव्या घालून तो घरी जायचा. साहेबाला सांगायला आजवर कुणीही गेलं नव्हतं. आणि ही येडी माणसं खरंच गेली. एका दिवसाची हजेरी बुडवून, बायापोरांसकट, रिकामी पिंपं घेऊन, वर ठरल्या वेळेला गेली. साडेदहाला ऑफिस उघडतं असं सांगितल्यावर साडेदहाला तिथं पोचणारी माणसं या शहरात तेवढीच. कुलूप होतं म्हणून दारात बसली. सव्वाअकराला साहेब आणि कारकून आले तर दार अडलेलं. त्याचा घेराव झाला, घेरावाचा व्हिडिओ झाला आणि व्हिडिओचा बेकायदा जमाव झाला.

काव्या गेल्यावर त्यानं खिशातला कागद काढून मल्लव्वाला सगळं सांगितलं. साहेबांना नाव हवंय, नावावर केस होईल, शेड जाईल. तो म्हणाला, पुढाऱ्याचं घातलं तर तो मला गावात राहू देणार नाही, आणि साहेब मला तुझंच नाव घालायला लावणार, कारण व्हिडिओत पुढं तूच दिसतेस. तू चार दिवस गावाकडं जा.

ती ऐकत होती, पण केसचं तिनं ऐकलंच नसावं. "ह्या कागदावर नाव लिवत्यात? पत्ता बी?"

"व्हय. नाव आनि पत्ता."

"मग लिव की. माझं लिव."

"मल्लव्वा, खुळी का काय तू? केस म्हंजे काय कळतंय का तुला?"

"कळतंय." तिनं पदर खोचला. "बारा वर्सं झाली हितं. रेशन गावाकडं. मत गावाकडं. मुकादमाच्या वहीत 'बाई चार' लिवलंय. माझी पोरगी हितं झाली, तिच्या कागदावर बी गावचा पत्ता घातला दवाखान्यानं. एक तरी कागद सोलापूरचा हुंदे माझ्या नावाचा. केस तर केस. केशीत पत्ता घालावाच लागतोय की त्यास्नी. विजापूर रोड घाल."

शिवानंद चिडला. इतका चिडला की कानडीत ओरडला. घर जाईल, पोरगी रस्त्यावर येईल, पोलीस ठाण्याचे खेटे घालताना काम जाईल. ती शांतपणे 'आणि काय' असं विचारत राहिली. आंधळ्यापुढं आरसा धरावा तसं झालं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, लिवतो."

हेही वाक्य त्याचं सवयीचंच होतं.

चार वाजता तो झोन ऑफिसच्या पायरीवर कागद मांडीवर घेऊन बसला. मल्लव्वाचं नाव लिहिणं त्याच्यानं होईना. तिनं मागितलं तरी होईना. आपण बोललो म्हणून ती आली, आणि आता आपणच तिला पोलिसांत द्यायची? शिवाय खोटं कुठं होतं? चिथावणी कुणी दिली, याचं खरं उत्तर त्याला आता ठाऊक झालं होतं. त्याला भीती वाटली, घरी दहावीतली मुलगी सिद्धेश्वरी आठवली, बायकोला काय सांगायचं तेही आठवलं. पण त्याच वेळी छातीत एक चांगलं वाटायला लागलं होतं, आयुष्यात एकदा तरी बापमाणसासारखं वागतोय असं. त्या भरात त्यानं ठसठशीत अक्षरात रकाना भरला. शिवानंद सिद्धराम बिराजदार, चावीवाला. पत्ताही घातला.

साहेबांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आपल्याच माणसानं मोर्चा आणला असं मी वर लिहून देऊ?"

"खरं त्येच हाय साहेब. म्याच म्हणलो, साहेबाला सांगा जाऊन."

"अरे ते आपण सगळेच म्हणतो."

"व्हय. पन ते आले."

कागद बदलून आण, असं त्यांनी दोनदा सांगितलं. शिवानंद हलला नाही. पाच वाजायला आले होते आणि सातवा फोन वाजत होता. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि खाली मान घालून सांगितलं की उद्यापासून घरी बस, चावी स्टोअरला जमा कर. मग म्हणाले, "मी तरी काय करू, सांग." खरंच त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

चावी जमा करून तो बाहेर आला तर फाटकाशी मल्लव्वा उभी. अंघोळ करून, तेल लावून, ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्ड होतं. कुंकू मोठं लावलं होतं. नाव बरोबर लिहिलंय की नाही ते बघायला आली होती. नवऱ्याचं नाव लोक हमखास चुकवतात, आणि साहेबानं काही विचारलं तर समोर असलेलं बरं, असा तिचा विचार.

"लिवलास?" तिनं विचारलं.

शिवानंदला वाटलं, आता सांगितलं की ही रडेल. पाया पडायला लागली तर अडवायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं. "न्हाय," तो म्हणाला. "तुझं घातलं न्हाय. माझं घातलं. तुला आता कसलाच तरास न्हाय, मल्लव्वा. कुनी येनार न्हाय तुझ्याकडं."

ती रडली नाही. पिशवीतलं आधारकार्ड तिनं आत नीट सारलं आणि पिशवीला गाठ मारली. ती बोलली तेव्हा कानडीत बोलली, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

"तुझं नाव तर सगळीकडं हाय की अण्णा. यादीत हाय, रेशनला हाय, हापिसात हाय. हा एक कागद माझ्या वाट्याला आला हुता."

"अगं, पन म्या तुला वाचिवलं."

"म्या वाचीव म्हणले हुते?"

नोकरी गेली, घरी सांगायचं बाकी होतं, आणि वर ही म्हणते की तू माझं काहीतरी घेतलंस. त्याला तिचा राग आला. मग त्याच्या ध्यानात आलं की ती म्हणते त्यात काही चूक नाही, आणि राग कुणावर काढावा तेच त्याला कळेना.

मल्लव्वा निघाली. विजापूर रोडला दोघांनाही जायचं होतं, दोघांचा रस्ता एकच होता. तो सायकल हातात धरून तिच्या मागून चालत राहिला. दांडीला चावी नव्हती म्हणून सायकल हलकी लागत होती आणि सारखी एका बाजूला जात होती. पुढे ती ठेवणीतलं लुगडं धुळीला लागू नये म्हणून ते एका हातानं उचलून धरून चालली होती. तिला हाक मारावी असं त्याला दोनतीनदा वाटलं, पण आता हिला काय सांगायचं, तेच ठरत नव्हतं. सात रस्त्याच्या चौकात ती गर्दीत मिसळली.